निलेशची न उघडणारी फाईल

आमचं ऑफिस महाडात, एका झेरॉक्सच्या दुकानावर. माणसं तीन, पण किस्से मोजायचे आम्ही कधीच सोडून दिलेत! शाळा-ग्रामपंचायतींसाठी छोटे प्रोग्राम लिहितो. बॉस संघमित्राताई, आधी गणित शिकवायच्या. कोड लिहिणारा उमरठचा निलेश. त्याच्या चुका शोधणारी मी. निलेशच्या प्रोग्रामची खोड एकच: फाईल उघडली नाही तरी ब्र काढत नाही.

ताईंनी एकदा त्याचा कोड वाचायला घेतला.

"फाईल उघडली नाही तर काय करायचं, ते लिहिलंच नाहीस?"

"मुद्दामच, ताई. एरर दिसली की लोक घाबरतात!"

"आणि हे वाचून मी घाबरू नको?"

* * *

शिवथरच्या एका गुरुजींनी मुलांची यादी पाठवली. प्रोग्राममध्ये एकही मूल दिसेना. दोन दिवस मी कोड उसवत बसले. शेवटी कळलं, फाईलच्या नावामागे 'टीएक्सटी' हे शेपूट दोनदा लागलंय, म्हणून ती उघडतच नव्हती!

"गुरुजी, दोनदा कशाला लिहिलंत?"

"पहिल्यांदा लिहिलेलं दिसेना हो. म्हटलं, पुन्हा लिहावं!"

* * *

निलेशच्या लॅपटॉपवर सगळं झकास. पोलादपूरच्या शाळेत मात्र निकालपत्रकं कोरी! पठ्ठ्याने कोडमध्ये स्वतःच्याच लॅपटॉपमधल्या फोल्डरचा पत्ता लिहिलेला.

मुख्याध्यापिका बाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे कपाटाची किल्ली उमरठला ठेवून तू इथे कपाट उघडत बसलायस?"

"पण बाई, घरी उघडतं!"

* * *

आता पावसाचा किस्सा. डोंगरावरच्या एका वाडीतले धोंडूकाका गुरं राखतात आणि रोज पाऊस मोजून आम्हाला आकडा पाठवतात. तो फाईलमध्ये जातो, आणि पाऊस जास्त असला की प्रोग्राम दरडीचा इशारा देतो.

त्या सकाळी महाडात रस्ता दिसत नव्हता, आणि स्क्रीनवर काय? 'पाऊस: शून्य'. इशारा नाही, काही नाही! मी बघितलं तर फाईल उघडलीच नव्हती. प्रोग्रामने गुपचूप शून्य धरलेलं.  ताईंनी लगेच काकांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"काका, कुठे आहात?"

"शाळेत! डोंगराची माती वाहाया लागली, तशी पहाटंच सगळी वाडी खाली आणली. गुरं पण सोडली."

 निलेशला राहवेना. फोनजवळ तोंड नेऊन म्हणाला, "काका, माफ करा. आमच्या कॉम्प्युटरवर तुमच्याकडे पाऊसच नाय दाखवत."

फोनमधून शाळेच्या पत्र्यावरचा पाऊस धडधडत होता.

"मंग रे," काका म्हणाले, "आमी समदी तुज्या कॉम्प्युटरातच येतो ऱ्हायला!"