रेघेपर्यंत पाणी

पहिल्यांदा तिचं सांगते, म्हणजे पुढचं सांगताना जीभ अडली तरी तिचं राहून जाणार नाही. ती इथलीच, वर्ध्याजवळच्या अल्लीपूरची. आमच्या कॉलेजात चांदीच्या अतिबारीक कणांवर पीएच.डी. करायची, नॅनो म्हणतात त्यांना. मी त्याच प्रयोगशाळेत परिचर, तीही कंत्राटी. काचेची भांडी धुणं, फरशी पुसणं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालणं ही माझी कामं. माझी नोकरी तिनं वाचवली. माझी मुलगी शाळेत जाते ती तिच्यामुळे. इथं नाव कुणाचंच घालत नाही. तिचं घालावंसं फार वाटतं, पण नोकरी अजून तीच आहे आणि मी भित्री आहे.

मी चंदगडकडची. सहावीत शाळा सुटली. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कुणीतरी हवं होतं. नवरा रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचा, त्याच्यामागून वर्ध्याला आले. तो तापानं गेला. परत जाऊन कुणाच्या दारात उभं राहायचं, म्हणून मुलीला घेऊन इथंच राहिले. इथली बोली सुरुवातीला भांडल्यासारखी वाटायची. भाजीवाली नुसतं "काऊन वं बाई, घेत नाई का?" म्हणाली तरी मी दोन पावलं मागं सरायचे. कॉलेजात सगळे 'ओ बाई' म्हणायचे. ही एकटी 'मावशी' म्हणाली आणि सरळ 'तू' म्हणाली. बाटल्यांवरची इंग्रजी अक्षरं तिनंच शिकवली. म्हणाली, अ‍ॅसिडची बाटली तरी तुले ओळखू आली पाह्यजे.

पळसाची पानं उकळून, गाळून त्या पाण्यात ती चांदीचा क्षार सोडायची. पाणी हळूहळू पिवळं व्हायचं, मग बिनदुधाच्या चहासारखं. शेजारच्या टेबलावर तिच्याबरोबरचा एक मुलगा काम करायचा. तो रोज डिवचायचा.

"जमला का वं आज चहा?"

"जमला. पेतं का? पोटात चांदी होईन तुह्या."

मी एकदा बाटली उजेडात धरून बघितली. म्हटलं, "ह्यात चांदी कुठं हाय गं? मला तर काय दिसत न्हाई."

"एवढी बारीक आहे मावशी, का दिसूच शकत नाई. हा रंग दिसून राह्यला ना, तेच तिचं दिसणं."

"मग माझ्या लेकीला पैंजण कधी करून देतीस?"

"थीसिस झाला की. एका पायाचे तरी देतो करून."

हे पाणी जखमेवर बांधायच्या सुती पट्टीला लावायचं होतं, म्हणजे जखम चिघळणार नाही. पण खेड्यातल्या दवाखान्यात फ्रिज असेलच असं नाही. म्हणून तिचा प्रश्न साधा होता : हे पाणी आपल्याकडचा उन्हाळा बाहेर राहून काढतं की नाही? मार्चच्या शेवटी तिनं एकाच दिवशी केलेल्या बारा बाटल्या खिडकीजवळच्या फळीवर मांडल्या. झाकणं मुद्दाम सैल ठेवली. दर सोमवारी प्रत्येकीतलं थेंबभर काढून ती यंत्राला दाखवायची. पडद्यावर एक टेकडी उमटायची. टेकडी उभी असेल तर कण सुटे आहेत, बसली तर कण एकमेकांना चिकटले. मोजून झालं की पाणी जिथवर असेल तिथं बाटलीवर पेनानं नवी रेघ. एप्रिल गेला, मे अर्धा गेला, टेकडी बसली नाही. सोमवारी तिचा चेहरा बघितला की मला कळायचं. घरी तिच्या बापानं एवढंच वर्ष दिलं होतं, पुढं लग्न. त्या बारा बाटल्यांवर तिचं सगळं टांगलेलं होतं, हे मला माहीत होतं. माहीत असूनही झालं ते झालं.

मेमध्ये तिच्या चुलतभावाचं लग्न निघालं. जाताना पिशवी खांद्यावर घेऊन दारातून म्हणाली, "मावशी, मी आठ दिवस गावाले जाऊन राह्यली. रेघेवर ध्यान ठेवजो."

"ठेवते की. तू निवांत जा."

आता बॅटरीचं कसं असतं, तिच्यावरही रेघ असते. मला कामावर घेतलं त्या दिवशी ऑफिसातल्या बाबूंनी हेच शब्द सांगितले होते, रेघेवर ध्यान ठेवा. म्हणजे पाणी रेघेखाली गेलं की भरायचं. तीन वर्षं मी तेच करत होते आणि त्यासाठी मला कुणी बोल लावला नव्हता. बाहेर आग ओतत होती. चौथ्या दिवशी फडकं मारताना बघितलं तर बाराही बाटल्यांतलं पाणी रेघेखाली उतरलेलं, बोटाच्या निम्म्या पेराइतकं. पोरगी विश्वासानं सांगून गेली आणि मी बघितलंच नाही! बॅटरीच्या पाण्याचा कॅन रिकामा होता. मग स्टाफरूमच्या फिल्टरचं पाणी आणलं, सर पितात ते, आणि सावकाश, हात न हलवता, एकेक बाटली बरोबर रेघेपर्यंत भरली. एक थेंब बाहेर सांडू दिला नाही. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी चहाचा रंग गेला होता. पाणी राखाडी, तळाला काळा गाळ. मी बाटली हलवली. गाळ उठला आणि पुन्हा बसला.

ती आली तेव्हा मी फळीजवळच उभी होते. तिनं पिशवीही खाली ठेवली नाही.

"कोणी हात लावला?"

"मीच गं. पाणी उतरलं होतं. रेघेपर्यंत भरलं."

"भरलं?"

"तूच म्हणालीस की, रेघेवर ध्यान ठेव."

"अवं, ध्यान म्हणजे पायजो म्हटलं होतं मी! किती उतरते ते पायजो!" मग तिनं एक बाटली उचलून बघितली. "कोणतं पाणी घातलं?"

"फिल्टरचं."

ती फळीला टेकून खाली बसली. रडली नाही. बसल्या बसल्या मला समजावलं, जसं अक्षरं शिकवताना समजवायची तसं. फिल्टरमधून येतं ते बोअरचंच पाणी, आणि त्याची जाळी कधीची बदललेली नाही. त्यात मिठासारखे क्षार राहतात. चांदीचे कण क्षाराला लागले की एकमेकांना धरतात आणि बुडतात. मी म्हटलं, पुन्हा कर, मी पानं आणून देते, पळसाला काय तोटा आहे?

"करीन वं. पण हा उन्हाळा कुठून आणू?"

पाऊस तीन आठवड्यांवर होता.

दुपारी तिच्या गाईड सरांनी दोघींना बोलावलं. त्याच्या आधीच्या वर्षी एका परिचराच्या हातून एक काचेचं यंत्र फुटलं, तर त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं होतं. सरांनी विचारलं, कोणाची चूक? मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण शब्द येईपर्यंत ती बोलून गेली.

"माह्याच हातून झालं सर. नजरचुकीनं."

मी तोंड मिटलं. ते मिटलं, हे मला आजही सांगता येत नाही कुणाला.

बाहेर आल्यावर म्हटलं, "असं कशाला बोललीस?"

"तुले काढलं असतं. मले काढत नाईत, ओरडतात फक्त."

ओरडण्यावर थांबलं नाही. तिच्या प्रगतीच्या अहवालात एक वाक्य पडलं, 'विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे नमुने नष्ट.' पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मुदत वाढवून मिळावी म्हणून तिनं अर्ज केला तेव्हा समितीनं तेच वाक्य तिच्यापुढं ठेवलं. मुदत मिळाली नाही, पीएच.डी. तिथंच सुटली आणि बापही थांबला नाही. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं, नाचणगावला. लग्नात मला हळदीला पुढं बसवलं, मावशी म्हणून. मी मान वर केली नाही. सासरचे तिला तासिकेवर शिकवायला पाठवतात, तेवढं बरं.

मध्ये फोन केला होता. म्हटलं, मी सरांना जाऊन खरं सांगते. तर म्हणाली, "आता सांगून काय होते? पोरगी दहावीत आहे ना तुही? गप राय." पलीकडं कुणीतरी तिला हाक मारली, फोन बंद झाला.

ती म्हणाली म्हणून मी गप्प आहे, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मी भिऊन गप्प आहे. तिनं मला वाचवलं ते एका वाक्यात, आणि त्या वाक्याखाली ती दबून गेली. म्हणून हे लिहून ठेवते, म्हणजे मागं फिरता येणार नाही. मुलीची परीक्षा मार्चमध्ये संपते. त्यानंतर मी सरांच्या टेबलासमोर उभी राहीन आणि माझ्या अक्षरात, चुका असतील तर असोत, लिहून देईन की बाटल्यांत पाणी मी घातलं. अहवालातलं ते वाक्य खोडून घेईन. तेवढ्यानं तिला कुणी पुन्हा घेईल की नाही, मला माहीत नाही. मला काढतील, हे बहुतेक माहीत आहे. पोरी, तू नको म्हणालीस तरी हे मी फेडणार आहे.