खानुमचा काशाचा वाडगा

उम्म अल कुवैनहून अबुधाबीला निघालो तेव्हा माझ्या मांडीवर काशाचा वाडगा होता.

उम्म अल कुवैनला मी दादाकडे राहायला आले होते. वाडगा त्याच्या शेजारच्या इराणी खानुमचा (खानुम म्हणजे बाई). त्यांच्या पणजोबांना शेत नांगरताना सापडलेला, काठाशी रानबोकडांची रांग कोरलेली. त्यांची मुलगी शिरीन अबुधाबीत असते. तिच्या लग्नात सुफ्र्यावर, म्हणजे वधूवरांपुढच्या चादरीवर, तो मांडायचा होता. खानुम स्वतः परवा लग्नाला जाणार होत्या, आम्हालाही बोलावलं होतं. आम्ही अबुधाबी बघायला निघालोच होतो, म्हणून त्यांनी विश्वासाने तो आमच्याकडे दिला.

आणि वहिनीने तो चिंच-मीठ लावून घासला. "लग्नघरी असं हिरवं पडलेलं भांडं न्यायचं?" पणजोबांच्या काळापासून जपलेला हिरवा रंग मोरीतून वाहून गेला. भाची म्हणाली, "आत्या, इट्स लाइक न्यू!" मी तो पुसून कापडात गुंडाळला.

वाटेत पेट्रोल पंपावर करक (दाट उकळलेला चहा) घेतला. दोन्हीकडे वाळू, मध्येच कुंपणाआड उंट. एरवी मी फोटो काढून सगळ्यांना हैराण केलं असतं.

"इन्शाल्ला, कुणाच्या लक्षातही येणार नाही," दादा म्हणाला.

"चकचकीत भांडं कुणाला नको असतं?" मागून वहिनी म्हणाली, पण आवाज रडवेला होता.

शिरीनने हसत दार उघडलं, केशराचा भात वाढला, मग कापड सोडलं आणि वाडग्याकडे बघतच राहिली.

"आंटी, ये हमारावाला नहीं है."

आम्ही तो बदलला असं तिला वाटलं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादाने काठावरचे बोकड दाखवले. तिने बोटाने बुडाचा ओळखीचा पोचा चाचपला आणि मटकन खाली बसली.

"बेटा, मैंने घिसा. अच्छे के लिए," वहिनी म्हणाली.

"मामान को मैं नहीं बोल सकती. आप बोलो." आईला ती मामान म्हणायची.

वाडगा तिच्याकडेच ठेवून आम्ही परत निघालो. भांडं घासलं की आपलं कर्तव्य झालं, एवढंच आम्हाला शिकवलेलं. कुठलं भांडं घासायचं नाही, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

खानुम दारातच उभ्या होत्या. हातात तशीच हिरवी, जुनी सुरई.

"पहुँच गया ना? ये भी आप ही रखो, शादी में साथ ले चलना. आपके हाथ में चीज़ सलामत रहती है."

वहिनीने दोन्ही हात मागे घेतले आणि रडत रडत सांगायला सुरुवात केली. तिचं बोलणं संपायच्या आत खानुमनी सुरई छातीशी घट्ट धरली होती.