कॉम्प्युटरपुढची खुर्ची

लंडनजवळच्या ब्रॅकनेल गावातल्या नोकरीवर हजर होण्याआधी मी लंडनच्या एका स्वस्त हॉस्टेलमध्ये राहत होतो. भाड्याच्या खोलीसाठी घरमालकाची मेल यायची होती आणि सगळ्या हॉस्टेलला मिळून इंटरनेटचा कॉम्प्युटर एकच होता. बघावं तेव्हा त्याच्यापुढे साठीच्या एक इंग्लिश बाई बसलेल्या. मांडीवर सॅक, एक हात सॅकवर, दुसरा माउसवर आणि स्क्रीनवर पत्त्यांचा डाव. मी मागे उभा राहून खाकरायचो, पण त्या ढिम्म हलायच्या नाहीत.

शेवटी माझा धीर सुटला. "तुम्हाला इंटरनेट लागतच नाही, मग इथे कशाला बसता?"

बाई वळल्या. "तिकडे सोफ्यावर बसलं की सगळे विचारतात, एकट्याच आलात का," त्या हळूच म्हणाल्या. "इथे कुणी विचारत नाही."

आणि त्या उठल्या. मी घाईघाईने मेल उघडली. माझ्या उत्तराची वाट बघून घरमालकाने खोली सकाळीच दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकली होती. बाईंना चांगलं सुनवावं म्हणून मी तणतणत मागे वळलो.

त्या सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या होत्या. शेजारची हसरी मुलगी बिस्किटांचा पुडा पुढे करून त्यांना काहीतरी विचारत होती. बाईंनी एक बिस्कीट घेतलं आणि नुसती होकारार्थी मान हलवली.