वाकळीतून उसवलेली वर्दी

माझे सासरे जालन्याच्या बंबखान्यात नोकरीला होते. मोंढ्यात, म्हणजे कापसाच्या बाजारात, कुठं आग लागली की घंटा व्हायची, बैलं जुंपली जायची, आणि ही मंडळी खाकी वर्दी अन् डोक्यावर पितळी टोप घालून पाण्याचा बंब घेऊन धावायची. निजामाचं राज्य होतं तेव्हा. गाव कापसाचं, त्यामुळं आगीला तोटा नव्हता. मी अंबडकडून लग्न होऊन आले तेव्हा मामंजींची नोकरी संपत आली होती, आणि माझं पहिलं लेकरू झालं त्या साली ते घरी बसले.

घरी बसले म्हणजे खरंच बसले. ओसरीवरून येणाऱ्या-जाणाऱ्याला चिलीम कुठं विझवावी ते सांगायचे. माझ्या चुलीजवळ तर पाण्याच्या इतक्या घागरी आणून ठेवायचे की मला भाकरी थापायला जागा उरायची नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हिशेबी बाई. नवऱ्याची नोकरी सुटली तशी त्यांनी वर्दीची वाटणी करून टाकली. टोप विरजणावर पालथा घातला, कारण मांजराला तो हलवता येत नव्हता. कोट खुंटीला राहिला. आणि पाटलोण दोन्ही पाय उसवून, सपाट करून, माझ्या लेकराच्या वाकळीत गेली. वाकळ म्हणजे जुन्या कपड्यांचे थर देऊन शिवलेलं पांघरूण; घरातल्या प्रत्येकाचं काहीतरी त्यात असावं अशी आमच्याकडची रीत. आजोबांची पाटलोण पोटाशी घेऊन माझं लेकरू असं गाढ झोपायचं की मलाही घडीभर पाठ टेकायला मिळायची.

हे सुख काही फार टिकलं नाही.

बंबखान्यात दर साली एक दिवस पाळायचे. पूर्वी सरकी काढायच्या एका जिनिंगला मोठी आग लागली होती, आणि त्यात मामंजींचा जोडीदार अंगावर भिंत पडून गेला होता. त्या दिवशी बंब धुऊन त्याला हार घालायचा, नारळ फोडायचा, बंबवाल्यांनी वर्दीत रांगेनं उभं राहायचं आणि पहिला प्रसाद त्या जोडीदाराच्या बायकोला द्यायचा. तो प्रसाद नेहमी मामंजी द्यायचे. यंदा ते पहिल्यांदाच नोकरीबाहेर होते. त्यात बंबखान्याचा दारोगा, म्हणजे मुख्य अंमलदार, नवा, हैदराबादचा. त्यानं निरोप धाडला की घरी बसलेल्यांनी जरूर यावं, पण घरच्या कपड्यांत. वर्दी फक्त हजेरीवरच्या माणसांची.

मामंजींनी निरोप ऐकला आणि पाटलोण कुठं आहे ते विचारलं.

"वाकळीत हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"सरकारी पाटलोण वाकळीत?"

"मंग काय देव्हाऱ्यात ठेवू?"

"वर्दी म्हंजे नवरीचा शालू हाय का, लगीन झालं की पेटीत घालायला?"

"शालू मला अजून बसतो. तुम्ही तुमचा कोट घालून दाखवा."

कोट घातला. बटणं आणि काजं यांच्यामध्ये वर्षभराची सुखाची भाकरी उभी होती. मामंजी म्हणाले, कोट खुंटीला राहून आटला.

मोंढ्यात लगेच दोन तट पडले. हॉटेलवाला मामंजींच्या बाजूचा. "तहसीलदार घरी बसला तरी त्याला तुम्ही तहसीलदारच म्हन्ता ना? मंग बंबवाल्यानंच काय घोडं मारलं?" समोरच्या न्हाव्याचं म्हणणं उलटं. "उद्या वर्दी बघून कुनी आग आग करत आलं, तर ह्यो धावनार हाय का? गुडघे कुरकुर करून राह्यले त्याचे." ही बातमी आमच्या घरी पोचली, आणि मामंजींनी त्या न्हाव्याकडून दाढी करणं बंद केलं. मला विचाराल तर न्हाव्याचंच बिलकुल बराबर होतं. पण सुनेला कोण विचारतं? सुनेला वाकळ उसवायला सांगतात.

दुपारभर मी टाके काढत बसले. आत्याबाईंचा टाका म्हणजे बैलानं ओढला तरी निघायचा नाही. मामंजी समोर बसून सूचना देत होते. "हळू, पोरी. सरकारी कापड हाय." वाकळीशिवाय लेकरू झोपेना, आकांत करून राह्यलं होतं, आणि मी मनात दारोग्याला, बंबाला अन् अख्ख्या निजामशाहीला शिव्या मोजत होते. पाटलोण निघाली ती बुडाशी विरलेली. तिथं आत्याबाईंच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा लावावा लागला, खाकी घरात नव्हतंच. उसवलेले पाय पुन्हा जोडायचे, कमरेला नाडी ओवायची, तेही होतंच.

शेवटी माझ्या तोंडून गेलंच, "मामंजी, धोतरात गेलं तर नाही का चालायचं?"

ते रागावतील वाटलं होतं. ते कोटाची बाही चाचपत होते. तिथं जळल्याचा काळा डाग होता. "त्या दिशी एकच नळी आम्ही दोघांनी धरलेली," ते म्हणाले. "भिंत खाली आली तवा मी मागं व्हतो, तो म्होरं. धोतरात उभा राह्यलो तर लोक म्हन्तील, आलं कुनी तरी म्हातारं नारळ खायला. मंग त्याच्या संगं कोन व्हतं, ते कुनाच्या ध्यानात ऱ्हाईल?"

माझा राग तिथंच गेला. मी हिरवा तुकडा दुहेरी टाक्यानं शिवला.

बंबखान्याच्या दिवशी आम्ही निघालो. पुढं मामंजी, कोटाची बटणं उघडी, छाती मात्र पुढं. मागं सुई-दोरा घेतलेल्या आत्याबाई, त्यांच्या मागं लेकरू काखेत घेऊन मी, आणि सगळ्यांच्या मागं मांजर. टोप चिंचेनं घासूनही विरजणाचा वास गेला नव्हता. न्हाव्याच्या दुकानापुढं मामंजींनी चाल वाढवली, तशी मांजरानंही वाढवली. न्हाव्यानं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीत सोडलं आणि तोही आला. हॉटेलवाला आधीच येऊन बसला होता.

दारोग्यानं फाटकातच हात जोडले. तरुण होता, अदबशीर होता. "चाचा, आपकी इज्जत सर-आँखों पर. मगर वर्दी ड्यूटी की होती है."

"ड्युटी मी केली, वर्दी माझी," मामंजी म्हणाले.

हॉटेलवाला उठला, न्हावी पुढं सरसावला, नारळ राहिला बाजूला. मामंजींनी सगळ्यांना हातानं गप्प केलं आणि जोडीदाराच्या बायकोकडं वळले. त्या पुढंच बाकड्यावर बसल्या होत्या. "वहिनी, तुम्हीच सांगा ह्यांला. मी वर्दी घालावी का न्हाई?" उत्तर काय येणार याची त्यांना खात्री होती. आम्हा सगळ्यांनाच होती.

"घालू नका, भावजी," त्या म्हणाल्या.

हॉटेलवाला होता तिथं परत बसला.

"तुम्ही दोघं कुठंबी गेले तर संगंच यायचे. तुम्ही वर्दीत ह्या फाटकातून आले की माझी नजर तुमच्या मागं जाती. दर साली जाती. तो न्हाई हे मला समजतं, पर नजरेला समजत न्हाई. नोकरी व्हती तवा मी कसं म्हनू? आता तुमची सुटली. आता मलाबी सोडवा."

मामंजींनी टोप काढला, कोट काढला, आणि पाटलोणीच्या नाडीला हात घातल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आत काही नाही. दारोगा धावत आपल्या खोलीत गेला आणि स्वतःची चौकटीची लुंगी घेऊन आला. दोन बंबवाल्यांनी सतरंजीचा आडोसा धरला. मी पदर तोंडात कोंबला. मला हसू येत होतं आणि डोळ्यांना धारही लागली होती.

मामंजी बंडी आणि दारोग्याच्या लुंगीत बाहेर आले. दारोग्यानं प्रसादाचं ताट त्यांच्याच हाती दिलं. त्यांनी वाकून वहिनींच्या हातावर खोबरं ठेवलं. वहिनी त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या, सरळ, दुसरीकडं कुठंच नाही. मागं वळून पाहिलं ते मामंजींनी.