पेवातल्या पोथ्या

शनिवार पेठेतल्या यज्ञेश्वराला पोथ्यांचा भारी नाद. कारकुनी करावी, उरल्या वेळात जिथं नवी गोष्ट सापडेल तिथं जाऊन उतरून आणावी. देवाधर्मासाठी नव्हे, निव्वळ मौजेसाठी. राजपुत्रांच्या, चोरांच्या, बोलणाऱ्या पक्ष्यांच्या गोष्टी! दुपारी जेवण आटोपलं की पुन्हा हात धुऊन, कोरडे पुसून खिडकीशी वाचत बसावं. दोन मोठी गाठोडी भरली होती.

शके सोळाशे पंच्याऐंशीत मोगल पुण्यावर चालून येतो अशी बातमी आली आणि गाव सिंहगडाकडे पळत सुटलं. यज्ञेश्वरानं गाठोडी डोक्यावर घेतली. त्याची बायको मुक्ताबाई सासूचा हात धरून चालत होती. वाटेत धायरीला पोचताच म्हातारी उन्हानं कोसळली.

"अहो, आता आईंना पाठीवर घ्यायला हवं," मुक्ताबाई म्हणाली.

ते त्यालाही कळत होतं. तरी गाठोडी खाली ठेववेनात. शेजारच्या मळ्यातला गेनबा आपली गुरं सोडत होता. त्याला दया आली.

"देवा, माझं धान्याचं पेव रिकामं हाय. त्यात उतरवा. वर फरशी बसवून माती लोटतो."

"पाणी नाही ना शिरायचं?"

"आज्याच्या वक्तापासनं दाणा भिजला न्हाई."

यज्ञेश्वरानं स्वतः खड्ड्यात उतरून गाठोडी नीट लावली आणि आईला पाठीवर घेऊन गड चढला. वरून पुणं जळताना दिसलं. लोक घरादारासाठी रडत होते. हा धायरीकडे डोळे लावून बसला.

पावसाळा सरता सरता तो घरच्यांना घेऊन खाली आला. मळ्यात गेनबा मान खाली घालून उभा होता. धान्य हुडकणाऱ्या शिपायांनी पेव फोडलं होतं. आत नुसता कागद बघून ते तसंच उघडं टाकून निघून गेले होते. मग सगळा पाऊस त्यात पडला.

यज्ञेश्वर गुडघाभर चिखलात उतरला. हाताला पानं लागली नाहीत, लगदा लागला. मुक्ताबाईनं दाभणानं एकेक पान सोडवायला घेतलं. दिवसभरात कशीबशी पाचसहा निघाली. यज्ञेश्वर त्यातलं एक वाचू लागला. राजपुत्र नदीकाठी आला, नावाड्याला हाक मारली... पुढच्या पानावरची शाई धुऊन गेली होती.

"पुढं काय झालं?" मुक्ताबाईनं विचारलं. इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं.

त्यानं ते धुतलेलं पान उजेडाकडे धरून पाहिलं.

"अहो, सांगा ना."

"काय झालं ते ठाऊक आहे गं. पण ते सांगायचं नसतं. ते वाचायचं असतं..." आणि ओल्या पानात तोंड खुपसून तो लहान पोरासारखा रडला.

पुढं घर उभं राहिलं, कारकुनीही सुरू झाली. पोथी मात्र त्यानं पुन्हा आणली नाही. बुधवार पेठेतल्या दिगंबरानं एकदा नवी गोष्ट मिळाल्याचं सांगितलं, तर हा म्हणाला, "आपण वाचा. आमचं वाचून झालं."

पण दुपारी जेवण आटोपलं की तो सवयीनं पुन्हा हात धुई, कोरडे पुशी आणि खिडकीशी येऊन बसे. थोड्या वेळानं उठून बाहेर निघून जाई.