आवाजामागचं घर

आमच्या शेजारच्या मावशींनी एका मोठ्या इस्पितळात एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटरचं काम केलं. जिन्याखालची बिनखिडकीची खोली, कुरकुरणारा पंखा आणि समोर बोर्ड. दिवसभर इतरांना जोडून द्यायचं आणि आपण गप्प बसायचं. कानावर काही पडलं तरी पडलंच नाही असं वागायचं. ही सवय इतकी मुरली की निवृत्तीनंतरही मावशी कुणाला आपणहून काही विचारत नाहीत.

कान मात्र निवृत्त झाले नाहीत. आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, पण दोघांचेही गुडघे एकाच वयाचे, म्हणून आम्ही बहुतेक फोनवरच बोलतो. मी 'हॅलो' म्हणायचा अवकाश, "मास्तर, तोंडातलं संपवा आधी. डॉक्टरांनी गोड बंद केलंय ना?"

त्यांची एकुलती लेक लांबच्या शहरात असते. दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो. तिचं घर मावशींनी एकदाच पाहिलं, तेही बारा दिवस. पण कानाने त्या तिथेच राहतात. फोन झाला की मला बातम्या मिळतात. जावयांनी आज चहा ढवळताना चमचा फारच आपटला. खालच्या मजल्यावर बाळ झालंय वाटतं.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी त्या येऊन नुसत्याच बसल्या. मग म्हणाल्या, "पडदे धुवायला काढलेत म्हणते लेक, म्हणून खोली घुमते."

"बरं, मग?"

"तीन रविवार झाले, मास्तर. पडदे किती धुवायचे?"

मग हळूहळू सगळं सांगितलं. चमच्याचा आवाज तर कधीचाच बंद झालाय. टेबलावर कप एकच ठेवला जातो. आणि लेक पूर्वीपेक्षा जास्त हसते. मी म्हटलं, सरळ विचारा की. त्या म्हणाल्या, तिला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगेल, मी मध्ये कशी शिरू?

मला वाटतं, दोघी एकाच गोष्टीत चुकत होत्या. लेक सांगत नाही म्हणजे तिला सांगायचं नाही, असा आईचा समज. आई विचारत नाही म्हणजे तिला ऐकायचं नाही, असा लेकीचा. ती लहानपणापासून अशाच आईजवळ वाढलेली. मी त्यांना एवढंच सांगितलं की वर्गात जे मूल हात वर करत नाही, ते पुष्कळदा आपण नाव घ्यायचीच वाट बघत असतं. त्यावर त्या येत्या रविवारी सोबतीला या म्हणाल्या.

लेकीने नेहमीसारखं ऑफिसचं, थंडीचं, शेजारच्या मांजराचं सांगितलं असावं. मावशी 'हं, हं' करत राहिल्या. मग एका दमात म्हणाल्या, "जावई कधीपासून नाहीत गं घरात?"

'तुला कोणी सांगितलं' असं लेकीने विचारलं असावं. मावशींनी दुसऱ्या हाताने टेबलाची कड घट्ट धरली होती.

"कोणी नाही सांगितलं गं मला. एकच खुर्ची सरकते तुझ्याकडे."

लेक रडली. जावई घर सोडून गेल्याला चार महिने झाले होते, हे मावशींनी मला नंतर सांगितलं. मावशींनी रडू नकोस असं म्हटलं नाही. 'मी येऊ का' असं विचारलं. लेक म्हणाली, आत्ता नको, पण फोन ठेवू नकोस. सकाळपासून काही खाल्लेलं नाही, आता काहीतरी करते.

तिने फोन ओट्यावर ठेवला आणि स्वयंपाकाला लागली. इकडे मावशी रिसीव्हर कानाला लावून अर्धा तास बसल्या होत्या, डोळे मिटून. मी उठलो तर त्यांनी हातानेच थांबवलं. खुर्ची वाजू नये म्हणून. त्यांचा चेहरा असा होता की जणू कुणाच्या तरी पाठीमागे अगदी जवळ उभ्या आहेत, पण हात पोचत नाही.

एकदम त्यांनी डोळे उघडले.

"मीठ राहिलं बघ," त्या फोनमध्ये म्हणाल्या.

पलीकडे बरणीचं झाकण वाजलं असावं, कारण मावशींनी मान हलवली आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.