नोकोभाऊ

समोर काही धरायच्या आधीच ते ‘नोको’ म्हणत. अकोल्याच्या आमच्या ऑफिसात दुपारचा चहा आला, की भाऊंचा तळहात आपोआप वर व्हायचा. ‘नोको, ताई. मी पेलो समजा.’ पेढा नोको, पान नोको, कोणाच्या गाडीवर मागे बसणंही नोको. पाठीमागे सगळे त्यांना नोकोभाऊच म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

पूर्वी हा माणूस अगदी उलटा होता. पगार झाला, की सगळ्यांना कचोरी यांच्याकडून. घरी मोठा टीव्ही आला, दोन दारांचा फ्रिज आला, मोटारसायकल आली, सगळं हप्त्यांवर. मग हप्ते भरायला कार्ड, आणि कार्डाचे भरायला मोबाइलवरचं कर्ज. वसुलीचे फोन आधी त्यांना आले, मग ऑफिसात, आणि एक दिवस थेट वहिनींच्या भावाला. वहिनी त्याच आठवड्यात अमरावतीला माहेरी निघून गेल्या. ‘फोन बंद झाले का येतो,’ एवढंच म्हणाल्या.

भाऊंनी ते मनावर घेतलं. टीव्ही, मोटारसायकल, कूलरसुद्धा विकला. फ्रिज वहिनींच्या पसंतीचा, म्हणून तेवढा ठेवला, पण बंद करून. ऐन मे महिन्यात ते तापानं पडले, तेव्हा मी बघायला गेले. दाराला ओली चादर लावलेली. फ्रिज उघडून त्यांनी दाखवला: वर तुरीची डाळ, खाली इस्त्रीचे कपडे. ‘उंदीर शिरत नाई, ताई. जाहिरातीत हे सांगाले पायजे होतं!’ मी पोट धरून हसले. निघताना मात्र मी नेलेली अर्धी मोसंबी त्यांनी माझ्याच पिशवीत परत टाकली.

‘ज्याचं खाल्लं त्याले खाऊ घालाच लागते ना,’ ते म्हणत. ‘आता माह्यानं होत नाई. मंग खावाच काहून?’

माझ्या मुलीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, ते सकाळी सर्वांच्या आधी आले. ‘पाकीट नाई आनलं, काम सांगा.’ ढीगभर मेथी निवडली, खुर्च्या मांडल्या, माझ्या दिराला न विचारता आचाऱ्याला दोनदा झापलं, आणि पंगत बसायच्या आत दिसेनासे झाले. मला त्यांचा फार राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

हळूहळू लोकांनी विचारणंच सोडलं. लग्नपत्रिका त्यांच्या टेबलाला वळसा घालून जाऊ लागल्या. दुपारी ते खिडकीपाशी एकटेच भाकर खात. रविवारी काय करता, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘झोपतो. झोपाले पैसे लागत नाई.’

शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. फोन कधीचे बंद झाले होते. शनिवारी नवा शर्ट घालून ते वहिनींना आणायला अमरावतीला गेले. सोमवारी आले ते एकटेच. हातात तेवढा एक डबा होता.

वहिनींनी तिकडे हॉस्टेलच्या पोरींना डबे द्यायचं काम सुरू केलं होतं, आणि ते चांगलं चाललं होतं. ‘मले म्हने, तुमाले एकट्यानं राहाची सवय झाली, मले बी झाली,’ भाऊ सांगत होते. ‘निंगताना डबा बांधून देल्ला. मी आपला सवयीनं इचारलं, किती झाले? वाटलं, चिडंल, भांडंल.’

‘मग?’

‘तिनं सांगतले. मी देल्ले.’

पुढे त्यांनी चिखलदऱ्याची बदली मागून घेतली. तिकडे जायला कोणी तयार नसतं, त्यामुळे ती लगेच मिळाली. जायच्या दिवशी ते प्रत्येकाच्या टेबलाशी थांबून विचारत होते, ‘माह्याकडे काई राह्यलं नाई ना तुमचं?’ सगळे नाही म्हणाले. मीही म्हणाले. हो म्हणायला हवं होतं, असं आता वाटतं. निदान ते फेडायला तरी परत आले असते.